भामटा: एक जात, एक शिवी आणि गॅझेटातली एक ओळ

'भामट्याने वृद्धेचे दागिने लांबवले' ही बातमी मराठी वाचकाला नवी नाही. शब्द इतका रुळला आहे की तो कुठून आला हे कुणी विचारत नाही. महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत १४ नावं आहेत. त्यांत 'भामटा' हे एक आहे, 'राजपूत भामटा' हे आणखी एक. 'भामटा' या नोंदीखाली जी पोटनावं दिली आहेत त्यांत 'उचले' आहे आणि 'घंटीचोर'ही आहे. म्हणजे या नोंदीतल्या मुलाला शिष्यवृत्ती हवी असेल, तर यादीतला 'चोर' हा शब्द पचवूनच तो दाखला मागायला जातो. बेरडांचीही तीच गत. १७०५ साली औरंगजेब स्वतः ज्या वाकिनखेड्याला वेढा घालून बसला तो बेरड नायकांचा किल्ला होता. पण मराठीत 'बेरड' म्हणजे निगरगट्ट माणूस, एवढाच अर्थ सर्रास उरला.

शब्दकोशाचा आणि सरकारी यादीचा हा गुंता ज्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यामुळे पक्का झाला, त्याचा मुंबई इलाख्यातला अंमल हे इथलं प्रकरण आहे. त्याचं ठळक ठिकाण सोलापूर. 'समाज गुन्हा कसा ठरवतो' हा प्रश्न मोघम चर्चेत नेहमी निसटतो. इथे तो निसटत नाही, कारण ठरवण्याची पूर्ण कार्यपद्धती कागदावर आहे: कोणी सही करायची, नाव कोणत्या वहीत चढायचं, वही कोणाच्या ताब्यात राहायची, अंगठा कधी घ्यायचा.

एकाच टेबलावरचे दोन मसुदे

भारतीय दंड संहिता १८६० साली मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्यात गुन्हा म्हणजे कृत्य. चोरी म्हणजे काय, जबरी चोरी कधी होते, दरोड्याला किमान पाच माणसं लागतात, हे सगळं कृत्याच्या भाषेत लिहिलेलं आहे. आरोपीची जात तिथे कुठेच येत नाही.

१८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. तो विधिमंडळातून पार नेला तो जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या व्हाइसरॉयच्या कौन्सिलातल्या कायदा सदस्याने. त्यामागचा तर्क वरवर पाहता अगदी देशी होता. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तर चोराचा मुलगा चोर होणारच. म्हणजे चोरांचीही जात असणार. जातिव्यवस्थेबद्दलची ही अर्धवट समज थेट फौजदारी कायद्यात उतरली. गंमत अशी की याच स्टीफनने पुढच्याच वर्षी, १८७२ साली, भारतीय पुरावा कायदा तयार केला, आणि त्यात आरोपीचं वाईट चारित्र्य हा त्याच्याविरुद्धचा पुरावा होऊ शकत नाही असं तत्त्व घातलं. एका कायद्यात एका माणसाचं चारित्र्य गैरलागू, दुसऱ्यात अख्ख्या जमातीचं चारित्र्य पुरेसं.

याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांच्या नोंदणीचा होता, हे सहसा सांगितलं जात नाही. त्यांचीही यादी करायची, सार्वजनिक ठिकाणी स्त्रीवेषात नाचगाणं केलं तर शिक्षा. भटका आणि हिजडा एकाच कायद्यात का आले, याचं उत्तर दोघांनी काय चोरलं यात सापडत नाही. दोघांचा ठावठिकाणा, कुटुंब आणि उत्पन्न महसुली वहीच्या रकान्यात बसत नव्हतं, हे त्यांच्यातलं साम्य.

कायदा आधी वायव्य प्रांत, अवध आणि पंजाबात लागू झाला, १८७६ मध्ये बंगालमध्ये गेला. १८९७ च्या दुरुस्तीने ४ ते १८ वयाची मुलं आईबापांपासून काढून वेगळ्या सुधारगृहात ठेवण्याची सोय केली. १९११ च्या नव्या कायद्याने व्याप्ती देशभर वाढली आणि मुंबई व मद्रास इलाखे त्यात आले. या कायद्याने आणखी एक गोष्ट केली, जी नजरेतून सुटते. १८७१ च्या कायद्यात एखादी जमात गुन्हेगार ठरवण्याआधी प्रांतिक सरकारला गव्हर्नर जनरलकडे कारणांसह अहवाल पाठवावा लागे. जमात भटकी असेल तर तिला कुठे वसवणार आणि तिच्या पोटापाण्याची काय व्यवस्था करणार, हेही लिहावं लागे. १९११ मध्ये ही अट गेली आणि प्रांताला स्वतःच अधिसूचना काढता येऊ लागली. १९२४ मध्ये सगळं एकत्र करून नवा कायदा झाला. पुढची पद्धत मुख्यतः त्याची.

नाव वहीत कसं चढतं

पहिली पायरी गॅझेट. एखादी 'जमात, टोळी किंवा वर्ग', किंवा त्यांचा एखादा भाग, अजामीनपात्र गुन्हे पद्धतशीरपणे करण्याच्या आहारी गेला आहे असं मानायला सरकारला कारण असेल, तर तशी अधिसूचना काढायची. 'भाग' हा शब्द महत्त्वाचा. त्यामुळे तेच आडनाव, तीच कुलदेवता, तेच सोयरेसंबंध असलेली माणसं एका जिल्ह्यात गुन्हेगार आणि शेजारच्या जिल्ह्यात रयत, असं होऊ शके. अधिसूचना चुकीची आहे असं म्हणून कोर्टात जायची सोय नव्हती. मूळ कायद्यापासूनच तिला निर्णायक पुरावा मानलं होतं.

दुसरी पायरी नोंदवही. जिल्हा मॅजिस्ट्रेट दवंडी किंवा नोटिशीने कळवणार की जमातीतल्या सर्वांनी अमक्या दिवशी अमक्या ठिकाणी हजर व्हावं, विचारलेली माहिती द्यावी, बोटांचे ठसे द्यावेत. न येणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड. वही तयार झाली की ती पोलीस अधीक्षकाच्या ताब्यात. कुणाचं नाव चुकून चढलं असेल तर तक्रार करायची जिल्हा मॅजिस्ट्रेटकडे, म्हणजे ज्याच्या हुकमाने वही झाली त्याच्याकडेच. तिथे 'मी चोरी केली नाही' या वाक्याला अर्थ नव्हता, कारण वहीत नाव येण्यासाठी चोरी केलेली असावीच लागत नव्हती. 'मी त्या जमातीचा नाही' हे सिद्ध करता आलं तर गोष्ट वेगळी.

तिसरी पायरी हजेरी आणि पास. नोंदलेल्या माणसाने ठरलेल्या वेळी ठाण्यात किंवा पाटलाकडे हजेरी लावायची. राहण्याची जागा बदलायची, बाहेर मुक्काम करायचा, तर आधी कळवायचं. हद्द आखून दिली असेल तर पासाशिवाय ती ओलांडायची नाही. पाटील, जागल्या आणि जमीनधारकांवरही कर्तव्य होतं: कोण गैरहजर आहे, कोण नवीन आलं आहे हे कळवायचं. गावातला जो माणूस याआधी या लोकांकडून टोपल्या, जाती, पाटेवरवंटे घ्यायचा तोच आता त्यांचा पहारेकरी झाला.

चौथी पायरी शिक्षा, आणि यंत्राचं खरं चाक इथे आहे. हद्द मोडली किंवा नियम मोडला तर पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत, दुसऱ्यांदा दोन, तिसऱ्यांदा तीन वर्षांपर्यंत कैद. नोंदलेला माणूस 'चोरी करण्याच्या बेतात होता' असं कोर्टाला वाटेल अशा परिस्थितीत सापडला, तर तीन वर्षांपर्यंत. परिशिष्टातल्या गुन्ह्यांसाठी दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान सात वर्षं, तिसऱ्यांदा जन्मठेप काळ्या पाण्याची. त्याच गुन्ह्यासाठी वहीबाहेरच्या माणसाला बहुधा याहून कितीतरी कमी.

आता आकडेवारीचं काय होतं ते पाहा. कैकाडी कुटुंब सिंदीचे फोक आणि तुरीच्या काड्या मिळतील तिथे जाऊन कणग्या आणि टोपल्या विणतं. हंगाम संपला की पुढचं गाव. हे फिरणं थांबवलं की धंदा बसतो. फिरलं की हजेरी चुकते. हजेरी चुकली की खटला, खटला म्हणजे शिक्षा, शिक्षा म्हणजे जमातीच्या नावावर आणखी एक दोषसिद्धी. वर्षाअखेरीच्या अहवालात तो आकडा जमातीच्या गुन्हेगारीचा पुरावा म्हणून जातो. समाजशास्त्रात १९५१ साली एडविन लेमर्टने प्राथमिक आणि दुय्यम विचलन असा फरक केला: आधीचं वागणं एक, आणि शिक्का बसल्यानंतर त्या शिक्क्यामुळे घडणारं वागणं वेगळं. वहीच्या बाबतीत दुय्यम विचलन कायद्यानेच लिहून दिलं होतं. हजेरी चुकवणं हा गुन्हा इतर कुणाला करताच येत नव्हता.

कुंपण

वही पुरत नाही असं लवकरच लक्षात आलं. फिरत्या माणसावर नजर ठेवायला तितकेच फिरते पोलीस लागतात. म्हणून वसाहत, म्हणजे सेटलमेंट. पंजाब आणि संयुक्त प्रांतात साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेने हे काम उचललं. मुंबई इलाख्यात ते ओ. एच. बी. स्टार्ट या आयसीएस अधिकाऱ्याने उभं केलं. सुरुवात विजापुरात झाली. पुढे तो इलाख्याचा सेटलमेंट ऑफिसर झाला आणि विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर अशा वसाहतींचं जाळं तयार झालं.

सोलापूर का निवडलं, याचं उत्तर गिरण्यांत आहे. पहिली मोठी कापड गिरणी, आजही 'जुनी मिल' म्हणून ओळखली जाणारी, १८७० च्या दशकातली. पुढे लक्ष्मी आली, विष्णू आली. गिरणीला रोज ठरल्या वेळी हजर राहणारे हात हवे होते आणि गावाकडचा मजूर सुगीला निघून जायचा. वसाहतीतला मजूर जाऊ शकत नव्हता. भोंगा वाजला की पाळीला, पाळी सुटली की आत. सुधारणेचा कार्यक्रम आणि मजुरांची गरज इतकी नेमकी जुळली, की कशासाठी काय केलं हे वेगळं काढणं कठीण.

सोलापूरच्या वसाहतीत कैकाडी, कंजारभाट, पारधी, मांग गारुडी, हरणशिकारी, भामटा अशा अनेक जमातींची माणसं एकत्र आली. रचना पायऱ्यांची होती. सगळ्यात आत तारेचं कुंपण. तिथे कडक हजेरी, रात्रीचीही. वागणूक चांगली, काम नियमित, मुलं शाळेत, असं काही वर्षं टिकलं की कुटुंब कुंपणाबाहेरच्या मोकळ्या वस्तीत जाई, जिला 'फ्री कॉलनी' म्हणत. तिथून पुढे परवान्यावर पूर्ण बाहेर. चुकलं की परत आत. सोलापुरात आजही 'सेटलमेंट फ्री कॉलनी' आणि पुढे क्रमांक, असा पत्ता लिहिला जातो. हा 'फ्री' कशापासून, ते तिथल्या नव्या भाडेकरूला कदाचित ठाऊक नसेल.

स्टार्ट खलनायक नव्हता, आणि त्याला तसं रंगवलं तर प्रकरण कळत नाही. त्याच्या वसाहतींत शाळा होती, धंदेशिक्षण होतं, आजाऱ्याला औषध होतं. त्या काळात गावकुसाबाहेरच्या फार थोड्या मुलांना एवढं मिळत होतं. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीच्या चौकशीसाठी समिती नेमली, तिचा अध्यक्ष स्टार्ट होता आणि सदस्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ठक्कर बाप्पा होते. तिच्या १९३० च्या अहवालानंतर मागासवर्गीयांसाठी वेगळं खातं निघालं आणि ते स्टार्टकडेच आलं. आजच्या समाजकल्याण खात्याची एक मुळी अशी सेटलमेंट ऑफिसात जाते. भटक्या-विमुक्तांच्या अर्जाकडे पाहताना संशय आधी आणि मदत नंतर, ही जी सवय काही टेबलांवर दिसते, तिचं वय बरंच आहे.

वसाहतीत बिघडलं काय? सगळ्यात मोठी चूक मिसळणीची. ज्याने एकदाही चोरी केली नव्हती तो, आणि खरोखर घरफोडीत मुरलेला माणूस, दोघंही जातीच्या नात्याने एकाच कुंपणात. त्यातून धाकटा काय शिकणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. दुसरी चूक मजुरीची: ज्याला काम सोडता येत नाही त्याला भाव करता येत नाही. तिसरी, आणि आजवर पुरलेली, पत्त्याची. 'सेटलमेंटमध्ये राहतो' एवढं सांगितलं की बाहेरच्या मालकाला पुढचं काही ऐकायची गरज उरत नसे. सुधारून बाहेर काढायची जागाच माणसाच्या कपाळावरचा डाग झाली.

चोऱ्या होत नव्हत्या का?

होत होत्या. याला बगल देणारं लिखाण पोलीस अधिकाऱ्याला पटत नाही आणि पटूही नये. १९०८ साली मुंबई इलाख्याच्या पोलीस खात्यातले एम. केनेडी यांनी 'गुन्हेगार वर्गां'वर जाडजूड टिपणं छापली. प्रत्येक जमातीचं रूप, भाषा, सांकेतिक शब्द, वेषांतर, घर फोडण्याची रीत, माल कुठे खपवतात, हे सगळं त्यांत आहे. छप्परबंद जमातीच्या निमित्ताने खोटी नाणी ओळखण्याच्या सूचनाही आहेत. त्यातला काही भाग प्रत्यक्ष तपासातून आलेला आहे. खोट त्यातल्या व्याकरणात आहे: 'काही भामटे रेल्वेत चोऱ्या करतात' हे निरीक्षण 'भामटे रेल्वेत चोऱ्या करतात' असं लिहिलं जातं, आणि 'काही' गळाला की नुकत्याच जन्मलेल्या मुलीचंही वर्णन तयार होतं.

शिवाय त्या चोऱ्यांचा काळ पाहायला हवा. बंजाऱ्यांचे तांडे बैलांवर मीठ आणि धान्य वाहत देशभर फिरत. फौजांना रसद तेच पुरवत. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे आगगाडी धावली, १८६० पर्यंत रूळ सोलापूरला पोचले, आणि बैलांचा व्यापार वीस-तीस वर्षांत मोडला. पारध्याची शिकार १८७८ च्या वनकायद्याने गुन्ह्यात आली. त्याने नवं काही केलं नव्हतं. आजोबा जे तित्तर धरायचे तेच नातू धरत होता, जंगलाचा मालक बदलला होता.

रामोशांची गोष्ट सगळ्यात बोलकी. पेशवाईत किल्ल्यांची आणि गावांची राखण त्यांच्याकडे होती, आणि त्याचा मोबदला हक्काने मिळे. गावात चोरी झाली तर माग काढण्याची किंवा भरपाईची जबाबदारी रामोशाची. इंग्रजी अंमलात किल्ले रिकामे झाले, हक्क कापले गेले. उमाजी नाईकांचं बंड त्यातून आलं, ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात त्यांना फाशी झाली. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी माणसं जमवली ती रामोशांचीच. राखणदार, बंडखोर आणि पुढे विमुक्तांच्या यादीत: एकाच समाजाच्या तीन व्याख्या झाल्या. चोर पकडण्याचं जे कसब पेशव्यांना हवं होतं तेच कसब नव्या सरकारच्या दृष्टीने चोरीचा पुरावा ठरलं.

कायदा गेला तेव्हा

विरोध स्वातंत्र्याआधीच सुरू झाला होता. १९३७ च्या मुंबई मंत्रिमंडळाने कन्हैयालाल मुन्शींच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. १९४९ मध्ये मुंबई प्रांताने कायदा रद्द केला. त्याच वर्षी केंद्राने अनंतशयनम अय्यंगार समिती नेमली आणि तिच्या शिफारशीनंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातला कायदा संपला. म्हणून ३१ ऑगस्ट हा 'विमुक्त दिन'. ज्यांना १९४७ नंतरही पाच वर्षं हजेरी लावावी लागली, त्यांच्यासाठी स्वातंत्र्याची तारीख ती.

समितीने सुचवलेला पर्याय कागदावर रास्त होता: जात पाहू नका, वारंवार गुन्हा करणारा माणूस पाहा. मुंबईत तसा सराईत गुन्हेगारांवरचा कायदा १९४७ मध्येच झाला होता. १९५९ मध्ये त्याची जागा नव्याने घेतली. वयाच्या १८ नंतर सलग पाच वर्षांच्या कोणत्याही काळात परिशिष्टातल्या गुन्ह्यांसाठी किमान तीन वेळा कैदेची शिक्षा झालेला तो 'सराईत गुन्हेगार'. त्याची नोंदणी, ठसे, हालचालींवर बंधन. जात शब्द कुठे नाही. पण पहिल्या दिवशी या व्याख्येत बसणारी माणसं कोणाकडे तयार होती? ज्यांना जवळपास चार दशकं हजेरी चुकल्याबद्दल, हद्द ओलांडल्याबद्दल तुरुंगात धाडलं होतं, त्यांची वही पोलिसांच्या कपाटात होती.

१९५९ चाच मुंबईचा भीक प्रतिबंधक कायदाही याच रांगेत येतो, फक्त त्याच्याकडे कुणी या नजरेने पाहत नाही. त्यातली भिकेची व्याख्या वाचण्यासारखी आहे: सार्वजनिक ठिकाणी गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, कसरती किंवा खेळ करून दाखवणं, वस्तू विकायला पुढे करणं, हे सगळं भिकेच्या सबबी म्हणून त्यात आलं. डोंबारी, नंदीवाले, जोशी यांचे परंपरागत धंदे एका ओळीत गोळा झाले. सापडल्यास एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात, पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत. दिल्लीला लागू केलेल्या याच कायद्याची मुख्य कलमं दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी घटनाबाह्य ठरवली. निकाल दिल्लीपुरता होता.

व्याख्या उलट दिशेनेही फिरते. कित्येक भटक्या जमातींत जातपंचायत हेच न्यायालय, आणि दंड किंवा वाळीत टाकणं ही शिक्षा. सरकारी कोर्टाने आपल्याला जन्मतः चोर ठरवल्यावर स्वतःचा न्याय स्वतः करणं समजण्यासारखं होतं. पण त्या पंचांनी आंतरजातीय लग्नाला, पंचांविरुद्ध बोलण्याला गुन्हा ठरवलं आणि बाईच्या कौमार्याची परीक्षा घेतली. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. पंचांनी काल दिलेली शिक्षा आज स्वतःच तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा झाली. हा कायदा आणि १८७१ चा कायदा यांतला फरक एवढाच पाहावा की इथे कृत्य करणारा पंच दोषी धरला जातो, त्याची जात नव्हे.

नाशिक, २००३

जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका शेतातल्या झोपडीवर रात्री हल्ला झाला. एकाच कुटुंबातल्या पाच जणांचा खून झाला, बलात्कारही झाला. गुन्हा इतका भीषण होता की आरोपी सापडणं ही तातडीची गरज झाली. सहा जण पकडले गेले, भटक्या जमातीचे, मजुरीवर जगणारे. जून २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. मार्च २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. एप्रिल २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही फाशी परत लावली.

फेरविचारात प्रकरण पुन्हा उघडलं, आणि ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या महिलेने घटनेनंतर लगेचच पोलिसांच्या अल्बममधले चार फोटो ओळखले होते. ते चौघे या सहांपैकी नव्हते. त्यांच्याबाबत तपासच झाला नाही आणि ही गोष्ट खटल्यात दडपली गेली. सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यावी आणि चुकार अधिकाऱ्यांची चौकशी करावी, असा आदेश झाला. तोवर जवळपास सोळा वर्षं गेली होती, त्यांतली कित्येक फाशीच्या छायेत.

इथे १९२४ चा कायदा कुठेच वापरला गेला नव्हता. पण तपासात जिथे पुराव्याचा दुवा तुटत होता तिथे तो तुटलेला जाणवला नाही, आणि तीन पायऱ्यांच्या न्यायालयांतही बराच काळ जाणवला नाही. खरे गुन्हेगार या काळात कुठे होते, हा प्रश्न पीडित कुटुंबाचाही आहे.

आज ठाण्यात कागद पाहताना

पालावरून माणूस उचलला गेला की नातेवाईक बहुधा दुसऱ्या दिवशी कार्यकर्त्याकडे किंवा वकिलाकडे पोचतात. तोवर महत्त्वाचं बरंच घडून गेलेलं असतं. म्हणून क्रम पाठ असावा. पहिला प्रश्न: अटक आहे की 'चौकशीला बोलावलं' आहे? अटक असेल तर कारण लेखी द्यावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं आणि २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. 'चौकशी'ला रात्रभर ठेवलं असेल तर ठाण्याच्या डायरीत नोंद आहे का ते विचारायचं. माणूस किती वाजता आत गेला याची पालावरच्यांनी लिहून ठेवलेली वेळ आणि एखादा मोबाइलमधला फोटो, यांनी पुढे फार फरक पडतो.

दुसरा प्रश्न कलमाचा. ठोस गुन्हा नसताना वापरली जाणारी कलमं मोजकी आहेत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १०९ आणि ११०, जी १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेत १२८ आणि १२९ झाली: पहिलं आपली उपस्थिती लपवणाऱ्या संशयितासाठी, दुसरं सराईतासाठी. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं १२२: सूर्यास्त ते सूर्योदय संशयास्पद स्थितीत सापडणं. त्याच कायद्याची ५५ ते ५७, टोळी पांगवणं आणि तडीपारी. १२२ च्या खटल्यात माणूस कुठे उभा होता आणि त्याच्याकडे काय होतं हे पंचनाम्यात स्पष्ट नसेल, तर तिथेच बोट ठेवता येतं. सगळ्यात जास्त नुकसान गुन्हा कबूल केल्याने होतं. 'शंभर रुपये दंड, सही कर आणि जा' या सल्ल्याने मजुरी वाचते, पण पाठीमागे एक नोंद राहते आणि पुढच्या वेळी तीच नोंद 'पूर्वेतिहास' म्हणून समोर येते.

३ ऑक्टोबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा सुकन्या शांता खटल्यातला निकाल यासाठी हाताशी ठेवावा. तो मुळात तुरुंग नियमावल्यांतल्या जातिभेदाबद्दल आहे. पण त्यात 'सराईत गुन्हेगार' या शब्दाला त्या त्या राज्याच्या कायद्यातल्या व्याख्येबाहेर अर्थ देता येणार नाही, असं सांगितलं आहे. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असे निर्देश पोलिसांना दिले आहेत. म्हणजे रिमांड अर्जात 'आरोपी सराईत आहे' असं वाक्य आलं की विचारता येतं: कोणत्या तीन शिक्षा, कोणत्या पाच वर्षांतल्या?

दाखला

शेवटी कागद उरतो जातीचा. याद्यांची वाटणी विचित्र आहे. फासेपारधी अनुसूचित जमातीत, पण पाल पारधी आणि राज पारधी विमुक्त जातींत. कैकाडी विदर्भाच्या बहुतेक भागात अनुसूचित जातीत, उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्तांत. लग्न होऊन नदी ओलांडली की बहिणींच्या मुलांचे प्रवर्ग वेगळे. विमुक्तांना ३ टक्के आरक्षण आहे.

विमुक्त जातीचा दाखला मागणाऱ्याला कुटुंबाचं महाराष्ट्रातलं वास्तव्य २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचं दाखवावं लागतं. शाळेच्या दाखल्यावरची जातीची नोंद, महसुली उतारा, जन्ममृत्यूच्या नोंदी, असं काही. पालावर राहणाऱ्या कुटुंबाकडे सातबारा नसतो. आजोबा शाळेत गेलेले नसतात. जन्माची नोंद ज्या गावात व्हायला हवी होती ते गाव कोणतं हे आजीला सांगता येत नाही, एवढंच आठवतं की तिथे नदीला पूर होता. तलाठी विचारतो, कोणत्याच सरकारी वहीत नाव नाही का? वही होती. बोटांच्या ठशांसकट होती, आणि ती पोलीस अधीक्षकाच्या ताब्यात असे.